रुमालाखालचा आकडा

आमच्या समोरच्या दारावर 'औटी' अशी पितळी पाटी आहे. त्या दारामागे राहणाऱ्या बंडूशेठ औटींनी आयुष्यात कुणाला पहिल्या फटक्यात खरा आकडा सांगितला असेल, यावर माझा विश्वास नाही. वय विचारलं तर पन्नाशीच्या अलीकडे राहायचं की पलीकडे, हे ते समोरच्याचं तोंड बघून ठरवतात. थोरल्या मुलीच्या लग्नात जेवणवाल्याने पानं किती धरू म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी सवयीने इतका कमी आकडा सांगितला की शेवटच्या पंगतीला आम्ही शेजारीपाजारी वाढपी झालो. 'आमचं मघाशीच झालं' असं एकमेकांना सांगत उपाशीपोटी कोपरखैरण्याला परत आलो. माझ्या नवऱ्याने तर घरी येऊन खिचडी टाकायला लावली. बंडूशेठ दुसऱ्या दिवशी भेटले आणि म्हणाले, अन्न वाया गेलं नाही बघा.

माणूस वाईट नाही. कुणाला रक्त लागलं, कुणाच्या मुलीला परीक्षेला सोडायचं असलं, तर आमच्या सोसायटीत पहिली गाडी निघते ती बंडूशेठची. फक्त आकडा विचारू नये.

याला कारण त्यांचा धंदा. मूळचे जुन्नरकडचे. वडील तरुणपणी मुंबईत फळबाजारात आले, बाजार वाशीला हलला तसे त्याच्यामागून इकडे आले, आणि एपीएमसीत त्यांचा आंब्याचा गाळा झाला. कोकणातले बागायतदार हापूसच्या पेट्या पाठवतात, बंडूशेठ त्या विकून देतात. तिथली जुनी पद्धत अशी, की भाव तोंडाने बोलायचा नाही. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहायचे, हातावर रुमाल टाकायचा, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून, दाबून, सोडून सौदा करायचा. किती बोटं धरली आणि कितीदा दाबली, यात सगळं आलं. आजूबाजूच्यांना नुसता रुमाल हललेला दिसणार. आता म्हणे सगळं उघड बोलून करायचं असतं. पण बंडूशेठच्या खांद्यावरचा रुमाल काही उतरलेला नाही, आणि त्या रुमालाचा कायदाही त्यांच्या अंगातून गेलेला नाही. तो कायदा त्यांनीच मला एकदा सांगितला होता. तोंडाने काहीही थापा मारा, कुणी मनावर घेत नाही. पण रुमालाखाली दिलेला आकडा फिरवायचा नाही. फिरवला की माणूस बाजारातून उठला.

आता माझं सांगते. मी बेलापूरला एका सरकारी कचेरीत बसते. लोकांचे आजारपणाच्या रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. सायटिका असलेली माणसं रजेवरून परत येतात ती महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घेऊन. त्यामुळे दुखण्याबद्दलचं खोटं ओळखण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असा माझा समज होता. पण माझी सगळी मंडळी नसलेलं दुखणं आहे म्हणणारी. असलेलं दुखणं नाही म्हणणारा माणूस माझ्या टेबलावर कधी आलाच नव्हता, तो समोरच्या दारात निघाला.

सव्वीस जानेवारीला आमच्या सोसायटीची चाळिशीपुढच्यांची क्रिकेटची स्पर्धा असते. टर्फ भाड्याने घेतात, पोटावर ताणून बसणारे टी-शर्ट शिवून घेतात आणि अंडरआर्म खेळतात. माझ्या नवऱ्याने चेंडू मारला. धाव एकच होती. बंडूशेठनी दोन काढल्या. एवढ्यावर माणसाने थांबावं की नाही? पण एकाच्या जागी दोन मिळाले की तिसरा मागायचा, ही बाजारातली सवय. ते गर्रकन वळले. बूट त्या नकली गवतात रुतून बसला, गुडघा एका दिशेला राहिला आणि बंडूशेठ दुसऱ्या. टक् असा आवाज झाला तो धावफलक लिहिणाऱ्यापर्यंत ऐकू गेला. आम्ही धावत गेलो, तर हे आडवे पडूनच पंचांशी वाद घालत होते की बॅट क्रीझच्या आत होती. पायाचं विचारलं तर म्हणाले, काय नाय, जरा मुरगळलाय.

गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. बंडूशेठनी डॉक्टरांना अर्धाच तुटला असेल असं सुचवून पाहिलं. डॉक्टरांनी पूर्ण तुटलाय म्हणून फोटो दाखवला. नुसती बैठी नोकरी असती तर व्यायामावर भागलंही असतं, पण ट्रकवर चढायचं, पेट्यांच्या थप्प्यांमध्ये दिवस दिवस उभं राहायचं, आणि गुडघा तर मधेच दगा देतोय, म्हणजे ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता. त्यांच्याच मांडीच्या मागची शीर काढायची आणि गुडघ्यात नवा लिगामेंट म्हणून बसवायची. डॉक्टर त्याला ग्राफ्ट म्हणत होते. बंडूशेठ म्हणाले, म्हणजे कलम. आंब्याच्या माणसाला लगेच कळलं. पण घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी कलमाचं काही सांगितलं नाही, सांगितलं ते हे, की आमचाच माल काढून आम्हालाच विकला.

भेटायला येणारेही थोर. फळबाजारातल्या माणसाला बघायला फळबाजारातली माणसं येणार, ती काय घेऊन येणार? घरात डाळिंबं, सफरचंदं, पपया, चिकू यांची रास लागली. बंडूशेठ पलंगावर लांब पट्ट्यात पाय अडकवून पडल्या पडल्या प्रत्येक फळ दाबून बघायचे आणि आणणाऱ्याच्या समोर सांगायचे की हे कुठल्या गाळ्यावरचं आहे आणि तुला गंडवलाय. मग पाहुणा विचारायचा, शेठ, दुखतंय का फार? बंडूशेठ म्हणायचे, दोन आणे. दोन आण्यांच्या वर त्यांनी कुणालाही जाऊ दिलं नाही.

प्रत्येक पाहुण्याला चहा. तो करायच्या वैजयंतीवहिनी. चहा झाला की पलंगाशेजारी जमिनीवर बसून नवऱ्याच्या गुडघ्याला बर्फ लावायच्या, बेल वाजली की उठून दार उघडायच्या. उठताना आधी पलंगाचा पाय धरायच्या, मग कपाटाची मूठ, मधे क्षणभर तशाच वाकून थांबायच्या. मी संध्याकाळी कचेरीतून आले की काहीतरी झाकून घेऊन तिकडे जायचे, तेव्हा हे बघायचे. एकदा म्हटलंसुद्धा, वहिनी, तुमच्या गुडघ्यांचं काय? त्या म्हणाल्या, बसून बसून अवघडतं. मीही पुढे विचारलं नाही. त्या घरात दुखण्याची जागा एकच होती आणि ती बंडूशेठनी अडवली होती.

आणि त्या दुखण्याचा आकडा ते का दाबून ठेवत होते, हे मला एका संध्याकाळी कळलं. वहिनी आत होत्या. बंडूशेठ खिडकीकडे बघत हळूच म्हणाले, "मीनाताई, बाजारात माल पडला तर भाव पडतो. माणूस पडला तर माल दुसऱ्याच्या गाळ्यावर जातो."

जीव अडकला होता तो पाडव्यात. पाडव्याला गाळ्यावर पेट्यांची पूजा होते आणि खरा हंगाम उभा राहतो. त्या दिवशी बंडूशेठ दोन पायांवर गाळ्यात उभे दिसले पाहिजेत, नाहीतर वडिलांच्या वेळेपासूनचे बागायतदार शेजारच्या गाळ्यावर जातील, अशी भीती त्यांच्या मनात बसली होती. कोकणातला माणूस गाळा बघून पेटी पाठवत नाही, माणूस बघून पाठवतो, असं ते नेहमी अभिमानाने सांगत. तोच अभिमान आता उलटून अंगावर आला होता. म्हणून दुखणं दोन. शेजारच्या गाळ्यावाल्याचा मेव्हणा कुठल्याशा दवाखान्यात व्यायामाला जातो, आपली फिजिओथेरपिस्टही तिथली निघाली तर, म्हणून तिच्याकडेसुद्धा दोन.

तिचं नाव संघमित्रा. आमच्याच पुढच्या सेक्टरमध्ये राहते, घरचे मंडणगडचे, वडील तुर्भ्याला कारखान्यात होते. स्कूटरवरून येते, हेल्मेट काढायच्या आत कामाला लागते. पहिल्या दिवशी तिने समजावून सांगितलं, शून्य म्हणजे काही दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही, आता पाय वाकवते, तुम्ही मला आकडा सांगा. तिने टाच हळूहळू मागे सरकवली. बंडूशेठच्या कपाळावर घाम आला, मुठीतल्या रुमालाचा पिळा झाला, आणि तोंडाने ते म्हणाले, दोन.

त्या दोघांमध्ये मग रोज जे चालायचं ते बघायला तिकीट लावलं असतं तरी मी गेले असते. तिने वीस वेळा पाय उचला म्हटलं की हे दहा म्हणायचे. ती अठराला यायची, हे बाराला. आठवडाभरात पोरगी शहाणी झाली. वीस हवे असले की चाळीस मागायला लागली. पाय किती अंशात वाकतो हे मोजायचं तिच्याकडे एक साधन होतं. ते लावलं की बंडूशेठ मान उंचावून विचारायचे, आज भाव किती फुटला? भाव रोज थोडा थोडा चढत होता. घरात आनंदीआनंद होता. संघमित्राही खूश होती की या वयात एवढं कमी दुखणं कुणाचं बघितलं नाही. ती त्यांच्या आकड्याकडे बघून व्यायाम वाढवत गेली, आणि बंडूशेठ दात आवळून दोनवर ठाम राहिले.

इथे त्यांच्याकडून एक चूक झाली, आणि ती त्यांच्यासारख्यानेच करावी. संघमित्रा व्यायामाचे आकडे फुगवून सांगते हे त्यांनी ओळखलं होतं. बाजारातला माणूस तो, त्यावरून ते धरून चालले की ही मुलगी जे जे बोलते त्या सगळ्यात थोडी जागा ठेवलेली असते. तिने सांगितलं, कुबडीशिवाय अजिबात उभं राहायचं नाही. बंडूशेठनी मनातल्या मनात हिशेब केला, म्हणजे थोडा वेळ चालतं. वहिनी भाजी आणायला खाली उतरल्या की हे कुबडी भिंतीला टेकवून गॅलरीत उभे राहायला लागले. पाडव्याची तालीम. समोरच्या इमारतीतल्या बायका बघायच्या की औटीशेठ एकटेच उभे राहून कबुतरांना हातवारे करतायत. मला हे नंतर त्यांच्याकडूनच कळलं.

पाडवा जवळ आला आणि एका सकाळी गुडघा सुजून पपईएवढा झाला. संघमित्रा संध्याकाळी आली. मीही तिथे होते. तिने साधन लावलं, भाव पार खाली आला होता. तिने दोनदा लावून बघितलं. मग शांतपणे विचारलं, किती दुखतंय. बंडूशेठ छताकडे बघत म्हणाले, दोन. फार तर अडीच.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "काका, मला आत काय चाललंय ते दिसत नाही. मी फक्त तुमच्या आकड्यावर चालते. तुमी दोन म्हणालात म्हणून मी वाढवत गेले. ती नवीन शीर अजून हाडात धरायचीय. ती सैल झाली ना, तर परत ऑपरेशन. मग पाडवा सोडा, पुढचा सीझन पण विसरा."

बंडूशेठनी रुमाल एका मुठीतून दुसऱ्या मुठीत घेतला. माझी खात्री होती की आता हा माणूस खरं बोलेल. त्यांनी ओठ ओले केले आणि म्हणाले, "धरा तीन."

मला हसू आलं आणि त्यांना एक ठेवून द्यावीशीही वाटली. तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. हात ओले होते, खांद्यावर हात पुसायचा नॅपकिन होता. त्यांनी तो नॅपकिन नवऱ्याच्या उजव्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. "आता सांगा," म्हणाल्या.

वहिनींना ही विद्या कुठून आली, हे त्यांनी मला पुढे सांगितलं. नवीन लग्न झालं तेव्हा सासर जुन्नरकडचं भरलेलं घर, चारचौघांत नवऱ्याशी बोलायची सोय नाही. तेव्हा या रसिक माणसाने बायकोला बाजारची बोटं शिकवली. पाण्याचा तांब्या देता-घेता पदराआड बोटं दाबायची, आणि भाकरी किती वाढू इथपासून मळ्याकडे किती वाजता येतेस इथपर्यंतचे सगळे सौदे सासूच्या नाकासमोर व्हायचे. मुलं झाली, इकडे राहायला आले, घरात दोघंच उरली, मोकळेपणाने बोलता यायला लागलं, आणि बोलणं कमी झालं.

बंडूशेठचा चेहरा हलला नाही. बाजारात उभे राहतात तसे ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. पण हाताला ती बुद्धी नव्हती. तीस वर्षं ज्या हाताने कापडाखाली एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, त्याला आता ते जमेना. नॅपकिन हलला, थांबला, पुन्हा हलला.

वहिनी संघमित्राकडे वळल्या. "चार बोटं, दोनदा," म्हणाल्या. "आठ आहे गं." आणि त्यांचा आवाज फुटला. "रोज आठ होतं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. त्यांनी तोंडाने उत्तर दिलं नाही. नॅपकिन एकदा हलला.

एवढे दिवस मी या माणसाची थट्टा करत, वाटीतली भाजी ठेवून घरी जात होते, आणि तो इतकं सहन करून दोन म्हणत होता. संघमित्राने पायावर बर्फ ठेवला, लांब पट्टा पुन्हा घट्ट बांधला, डॉक्टरांना फोन लावला. शीर शाबूत होती, नशीब त्यांचं. पण सगळं बरंच मागे न्यायचं, हळूहळू चढायचं आणि पाडव्याला गाळ्यावर जायचं नाही असं ठरलं. नुसता खुर्चीत बसलो तर, म्हणून बंडूशेठनी बोली लावून बघितली. ती नाही म्हणाली, आणि या वेळी तिने आकडा फुगवला नव्हता हे त्यांनाही कळलं. दुसऱ्या दिवसापासून ती आली की आधी वहिनींकडे नॅपकिन मागायची. बोटं तिलाही शिकवली गेली.

पाडव्याला औटींच्या गॅलरीत गुढी उभी होती आणि तिच्याखाली बंडूशेठ पाय स्टुलावर ठेवून बसले होते. गाळ्यावरची पूजा तिथला हिशेब बघणाऱ्या दिवाणजींनी केली. फोन वाजत होता, ते उचलत नव्हते. मी श्रीखंड घेऊन गेले, तर ते वाटीत बोट बुडवून म्हणाले की हे आंब्याचं नाही, इसेन्सचं आहे. तेवढ्यावरून मी ओळखलं की माणूस अजून जिवंत आहे. पण शेजारच्या गाळ्यावर कोणाकोणाचे ट्रक लागले असतील याची यादी त्यांच्या डोळ्यांपुढून जात होती, हे न सांगता दिसत होतं.

त्यानंतर दोनेक दिवसांनी, रविवारी, दुपारी बेल वाजली. मी तिथेच बसले होते. वहिनींनी दार उघडलं, तर दारात एक सडपातळ म्हातारा, डोक्यावर टोपी, हातात आंब्याची पेटी. देवगडचे सीतारामबुवा. बंडूशेठच्या वडिलांपासून यांच्या बागेतला पहिला आंबा औटींच्या गाळ्यावर यायचा. बंडूशेठ पलंगावर एकदम ताठ बसले, जणू पाय दुसऱ्याचा आहे.

बुवांनी पाणी घेतलं, पायाकडे नीट बघितलं आणि विचारलं, "किती दुखता?"

बंडूशेठचं तोंड सवयीने उघडलं, 'दो' एवढं अक्षर बाहेर आलं, आणि त्यांची नजर वहिनींकडे गेली. मग ते म्हणाले, "आठ होतं. आता पाच हाय."

बुवा गालातल्या गालात हसले. बाजारात सगळे आठच म्हणत होते, म्हणाले. शेठ दोन म्हणाले तेव्हाच लोकांनी चाराने गुणून ठेवलं होतं. औटींचा आकडा कसा वाचायचा हे काय बाजाराला माहीत नाही? मला एवढं हसू आलं की मी तोंडाला पदर लावला. हा माणूस महिना-दीड महिना दात आवळून जो भाव लपवत होता, तो अख्ख्या फळबाजाराने पहिल्याच दिवशी बरोबर ओळखला होता.

बंडूशेठ हसले नाहीत. खाली बघून त्यांनी विचारलं की माल कुठे उतरवला.

"खंय म्हणजे? तुमच्याच गाळ्यार," बुवा म्हणाले. "मानूस आजारी पडलो म्हणान कोन वाट बदलता? सगळ्यांचो माल थंयच उतारलो हा." मग ते पुढे वाकले आणि बंडूशेठच्या गुडघ्यावर हलकेच बोट ठेवलं. "पन तुमी येव नको ह्या वर्सा. कलम बांधलास ना? कलमाचो पयलो मोहर खुडूचो लागता, शेठ. खुडलो नाय तर झाड कायमचा बसता. तां मिया तुमका सांगूक व्हया?"

बंडूशेठनी मान हलवली. खांद्यावरचा रुमाल घेऊन त्यांनी तोंड पुसलं, आणि ते पुसणं जरा जास्तच वेळ चाललं. मी पेटीतल्या आंब्यांकडे बघायला लागले.

चहा झाला, बुवा निघाले. त्यांना संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं. वहिनी जमिनीवर बसून पेटीतले आंबे काढत होत्या, पिकायला आलेले एकीकडे, कच्चे पेंढ्यात. बुवांना दारापर्यंत सोडायला त्या उठल्या. आधी पेटीची कड धरली, मग पलंगाचा पाय, मधे डोळे मिटून थांबल्या, मग उभ्या राहिल्या. बुवांना सोडून परत आल्या, पुन्हा तसंच करत खाली बसायला लागल्या.

बंडूशेठ बघत होते. गेले कित्येक दिवस त्या घरात एका गुडघ्याचीच चर्चा होती. गुडघा कसा वाकतो, कुठे अडतो, माणूस कुठे श्वास धरतो, या सगळ्यात ते आता मुरले होते. फळ नुसतं दाबून आतलं ओळखणारा माणूस, पण घरातलं त्यांनी आजवर बघितलंच नव्हतं.

"वैजू, थांब," ते म्हणाले.

मी त्यांच्या तोंडून हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. वहिनीही थांबल्या.

"उठताना दुखतं का तुला?"

"जरा धरतं. वय झालं."

"किती?"

वहिनी आंब्याला लागलेली काडी काढत म्हणाल्या, "असेल दोन."

बंडूशेठनी खांद्यावरचा रुमाल काढला, पलंगाच्या कडेला सरकून हात लांब केला आणि रुमाल बायकोच्या हातावर टाकला. आपला हात त्याखाली घातला. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, लाजल्यासारखं हसल्या, काहीतरीच तुमचं म्हणाल्या. हात मात्र काढून घेतला नाही. मी उठून जायला हवं होतं, पण मी गेले नाही.

रुमाल हलला. थांबला. परत हलला.

बाजारात कधी कुणाला ज्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही, तो चेहरा मी डोळ्यांदेखत बदलताना बघितला. त्यांनी तो हात बराच वेळ सोडला नाही. मग दुसऱ्या हाताने उशीजवळचा फोन घेतला आणि संघमित्राला लावला. उद्या जरा लवकर या म्हणाले. नाही, माझ्यासाठी नाही, मिसेसला दाखवायचंय, गुडघे. पलीकडून तिने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला असणार.

"नऊ," बंडूशेठ म्हणाले. "बरीच वर्षं आहे. मला आत्ता कळलं."